तगर आणि तेर : एका ग्रामनामाची साक्ष

सोलापूरच्या उत्तरेस सुमारे ७५ किलोमीटरांवर, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव वसले आहे. वारकऱ्यांस ते गोरोबा काकांचे गाव म्हणून परिचित आहे. पांढरीची टेकाडे आणि विटांची जुनी मंदिरे यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकासही ते आकर्षित करते. हेच प्राचीन तगर होय, हे आज सर्वमान्य आहे. हा निर्णय करताना गावाच्या नावाचा उपयोग किती झाला, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असून तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोचला जाते, असे म्हटले आहे. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने धारण करीत. तथापि नगराचे स्थान विस्मृतीत गेले, आणि एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी स्थळे सुचविली. १९०१ साली फ्लीट यांनी तेरचा पक्ष मांडला.

यांपैकी देवगिरी पैठणच्या उत्तरेस व जुन्नर पश्चिमेस असल्याने ती दोन्ही बाद होतात. परंतु धारूर हे तेरप्रमाणेच पैठणच्या आग्नेयेस आहे. तेव्हा केवळ दिशेवरून निर्णय होत नाही. येथे ध्वनिविचार साहाय्यास येतो. प्राकृतात स्वरमध्यस्थ ‘ग्’चा लोप होतो, त्या जागी यश्रुती येते आणि पुढे ‘अय’चा ‘ए’ होतो. तगर, तअर, तयर, तेर हा क्रम या नियमास धरून आहे. संगमनेर, अमळनेर या नावांतील ‘नेर’ हा ‘नगर’पासून याच मार्गाने आला आहे. ‘धारूर’ची अशी उपपत्ती लावता येत नाही.

अर्थात नामसादृश्य हा स्वयंपूर्ण पुरावा नव्हे. भूमीनेही त्यास दुजोरा दिला पाहिजे. तेरला तो मिळाला. त्रिविक्रम मंदिराचा चापाकार गाभारा मूळचा बौद्ध चैत्य असावा, असे कझिन्स यांनी सुचविले. १९५८ साली चापेकर यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहतीचे थर उघडे झाले. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई येथील मूर्तीशी असलेले साम्य प्रसिद्धच आहे. ही मूर्ती गावातील लामतुरे संग्रहालयाच्या संग्रहातील आहे.

शिलाहारांच्या संस्कृत लेखांत ‘तगर’ हे रूप बिरुदाच्या बंधनामुळे गोठून राहिले; बोलीत मात्र ते बदलत गेले. विद्वानांनी लेखांतील रूप तेवढे शोधले, आणि म्हणून लोकांच्या तोंडी असलेले नगर त्यांस दीर्घकाळ आढळले नाही. आपल्या परिसरातील गावे, शिवार व टेकाडे यांची नावे नोंदविताना अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. सरकारी दप्तरातील शुद्ध केलेल्या रूपाशेजारी ग्रामस्थांच्या उच्चारातील रूपही टिपून घ्यावे. टेकाडे नांगराखाली जात आहेत. उच्चारही एका पिढीत पुसला जाऊ शकतो.