शुभेच्छापत्राखालची सही

आजचा विषय आहे एक छोटंसं पत्र. टाइप केलेलं. वर पत्ता ७७० ईस्टर्न पार्कवे, ब्रुकलिन, न्यूयॉर्क. मजकूर काय, तर ज्यू नववर्षाचा आशीर्वाद, वर्ष चांगलं आणि गोड जावो. आणि खाली शाईने केलेली सही.

सही करणारे होते मेनाखेम मेंडेल श्नेअरसन, खबाद-लुबाविच या हसिदी पंथाचे सातवे रेबे. रेबे म्हणजे पंथाचे गुरू. जन्म १९०२, आताच्या युक्रेनमधलं मिकोलाईव शहर. १९५० मध्ये सासरे, म्हणजे सहावे रेबे गेले, आणि पुढच्या वर्षी यांनी पंथाची धुरा घेतली. मुंबईकरांना खबाद हे नाव कुलाब्याच्या नरिमन हाऊसमुळे माहीत आहे. २००८ च्या हल्ल्यात जे सापडलं, ते याच पंथाचं केंद्र.

आता तुम्ही म्हणाल, सणाचं पत्रच ना? दिवाळीला आपल्याला शंभर फॉरवर्ड येतात! खरंय. मजकूर तर ठरलेलाच असायचा, अनेकांना जवळपास तोच. मग लोक ते जपून का ठेवतात?

मला वाटतं, उत्तर त्या शुभेच्छेतच आहे. ज्यू श्रद्धा अशी, की रोश हशाना, म्हणजे नववर्षाच्या दिवशी, प्रत्येकाचं येणारं वर्ष देवाच्या वहीत लिहिलं जातं. दहाव्या दिवशी, योम किप्पुरला, त्यावर शिक्का बसतो. म्हणून शुभेच्छा देतात 'कतीवा वा-खतीमा तोवा': तुमचं लिहिणं चांगलं होवो, शिक्काही चांगला बसो. आणि गंमत बघा, हिब्रूत 'खतीमा' म्हणजे शिक्कामोर्तब, आणि सहीसुद्धा! म्हणजे पत्रात जे मागितलंय, तेच कागदावर घडलेलं असतं. लिहिलंय, खाली सही आहे. घरी पत्र उघडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नसे. ते शब्द तो लहानपणापासून ऐकत आलेला.

पत्रात अशी शुभेच्छा लिहायची रीत रेबेंनी काढलेली नाही, ती खूप जुनी आहे. नववर्षाच्या आधीचा एलुल महिना लागला की पत्रात ती लिहायचीच. (आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल या नववर्षाला 'नव्याचा सण' म्हणत आले. किती सरळ नाव!)

रेबे सणापुरतंच लिहायचे असं मात्र नाही. लग्न, आजारपण, धंदा, मनातली शंका, लोक काहीही विचारत. सचिव मसुदा टाइप करत, रेबे त्यावर पेनाने दुरुस्त्या करत, मग सही. 'इग्रोत कोदेश' या नावाने त्या पत्रांचे तीसहून जास्त खंड छापलेत.

१९९२ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली. १२ जून १९९४ ला ते गेले.

पण पत्रं थांबली नाहीत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात त्यांची समाधी आहे. तिथे आजही लोक चिठ्ठी लिहून आणतात, वाचतात, फाडतात आणि तुकडे तिथेच टाकतात. लांब राहणारे फॅक्स नाहीतर ईमेल करतात, मग तो कागदही नेऊन ठेवला जातो. त्यातल्या कुठल्याच पत्राला आता सही केलेलं उत्तर येत नाही, आणि जुन्या घरांतून तो शाईच्या सहीचा कागद अजून कपाटात जपलेला असतो.