छायाकल्प चंद्रग्रहणें व लेखांचा कालनिर्णय

दानपत्रांत अथवा शिलालेखांत सोमग्रहणाचा उल्लेख आढळला म्हणजे संशोधकास मोठा आधार मिळतो. शक, मास व तिथि यांच्या वाचनांत संशय असला तरी ग्रहण ही आकाशांतील घटना असल्यामुळें ती गणितानें पडताळून पाहतां येते. मात्र कोणतेंही गणितागत ग्रहण या कामीं प्रमाण मानावें कीं काय, हा प्रश्न अलीकडे विशेष विचारार्ह झाला आहे. त्याचाच ऊहापोह येथें करावयाचा आहे.

ऑपोल्झर यानें १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचींत ५२०० चंद्रग्रहणें आहेत. तीं सर्व पृथ्वीच्या दाट छायेंतील, म्हणजे आपले ज्योतिषी जिला भूभा म्हणतात तिच्यांतील होत. एस्पेनाक व मीयस यांच्या पांच सहस्र वर्षांच्या नव्या सूचींत १२०६४ चंद्रग्रहणें असून त्यांपैकीं ४३७८ केवळ उपच्छायेंतील, म्हणजे छायाकल्प आहेत. जुनी सूची चाळणारास जी पौर्णिमा ग्रहणरहित दिसे, तीच नव्या सूचींत ग्रहणयुक्त दिसते. लेखांतील तिथीशीं असें छायाकल्प ग्रहण जुळलें कीं कालनिर्णय सिद्ध झाला, असें मानण्याचा मोह होणें साहजिक आहे. आमच्या मतें तो आवरला पाहिजे.

प्रथम या ग्रहणाचें स्वरूप पाहूं. भूभेभोंवतीं जें विरळ छायेचें वलय असतें, त्याची रुंदी सुमारें चंद्रबिंबाएवढीच असते. त्या वलयांतून सूर्याकडे पाहिलें तर पृथ्वीनें सूर्याचा कांहीं भागच झांकलेला दिसेल. अर्थात् चंद्रावरील प्रकाश कमी होतो, नष्ट होत नाहीं. आणि ही घट क्रमाक्रमानें होत असल्यानें छायेस कड अशी दिसतच नाहीं. बिंबाचे सुमारें सात दशांश उपच्छायेंत शिरल्यावांचून नुसत्या डोळ्यांस फरक सहसा जाणवत नाहीं.

उत्तर कोंकणांतील एखादें स्थळ घेऊन हें स्पष्ट करतां येईल. शहापूर तालुक्यांतील भातसेकांठचें सापगाव घ्या. हल्लींच्या घड्याळाहून तेथील स्थानिक काळ सुमारें सदतीस मिनिटें मागें असतो, हें जुन्या ग्रहणांची वेळ काढतांना ध्यानांत ठेविलें पाहिजे. ५ जून २०२० रोजीं वटपौर्णिमेच्या रात्रीं झालेल्या छायाकल्प ग्रहणांत बिंबाचा ०.५७ इतकाच भाग उपच्छायेंत गेला. आकाश निरभ्र असलें तरी पूर्वसूचना नसलेल्या मनुष्यास येथून त्यांत कांहीं विशेष दिसण्याजोगें नव्हतें. त्याच वर्षीं १० जानेवारीच्या रात्रीं हें प्रमाण ०.९० होतें, म्हणजे लक्षपूर्वक पाहणारास एका बाजूची मलिनता ओळखतां यावी. ५ मे २०२३ रोजीं वैशाखी पौर्णिमेस तें ०.९६ झालें. त्या वेळीं चंद्र भूभेच्या कडेपासून अवघा सुमारें दीड कला दूर राहिला.

आपल्या पूर्वाचार्यांनीं या अंधुकतेचा विचार केला नव्हता असें नव्हे. दृश्य काय व अदृश्य काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. सूर्यसिद्धांताच्या मतें चंद्राचा द्वादशांश ग्रासलेला असला तरी तो दिसतो. भास्कराचार्य सिद्धांतशिरोमणींत याहून सूक्ष्म मर्यादा घालतात: चंद्राचा षोडशांश ग्रासलेला असूनही तेजामुळें लक्षांत येत नाहीं, म्हणून इतकें अल्प ग्रहण सुज्ञानें सांगूं नये. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांचा शके १४४२ मधील ग्रहलाघव हा ग्रंथ महाराष्ट्रांतील पंचांगांचा दीर्घकाळ आधार होता. राहूपासून रवीचें अंतर चौदा अंशांहून कमी असल्यास ग्रहणाचा संभव, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु पुढें ग्रास काढावयाचा तो भूभेचाच. उपच्छायेस या सर्व गणितांत स्थान नाहीं.

धर्मशास्त्राचीही हीच दृष्टि आहे. शके १७१२ च्या सुमारास रचलेल्या धर्मसिंधूंत, ग्रहण जोंवर डोळ्यांस दिसण्याजोगें असतें तोंवर पुण्यकाल, असा निर्णय आहे. स्नान व दान यांचें निमित्त दर्शनयोग्य ग्रहण हेंच होय. म्हणूनच आजचीं पंचांगें छायाकल्प ग्रहणाचे वेधादि नियम पाळूं नयेत असें सांगतात. याउलट २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं कोजागिरीच्या रात्रीं बिंबाचा सुमारें अष्टमांश भूभेंत गेला. तो षोडशांशाहून व द्वादशांशाहूनही अधिक असल्यानें तें ग्रहण पाळण्याजोगें ठरलें.

आतां एक लेख पाहूं. ठाणें येथें १७८७ सालीं उजेडांत आलेल्या शिलाहार अरिकेसरीच्या ताम्रपटांत गत शक ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक शुद्ध १५ हा काल देऊन चंद्रग्रहणाचा उल्लेख केला आहे. गणितानें हा दिवस ६ नोव्हेंबर १०१७ येतो. त्या रात्रीं मध्यरात्रीनंतर सुमारें एक तासानें ग्रहणमध्य होऊन बिंबाचे सुमारें दोन पंचमांश भूभेंत गेले होते. असें ग्रहण ठाण्यासच नव्हे, तर सापगावापर्यंतच्या साऱ्या प्रदेशांत, आकाश मोकळें असल्यास, कोणाच्याही नजरेस पडलें असतें. शक, संवत्सर, तिथि व ग्रहण हीं चारही येथें एकमेकांस दुजोरा देतात. प्रमाण म्हणावयाचें तें असें.

याच्या उलट, एखाद्या लेखांत ग्रहण सांगितलें असून गणितानें केवळ छायाकल्प ग्रहण आलें, तर काय समजावें? शक गत कीं वर्तमान, मास अमान्त कीं पूर्णिमान्त, हें आधीं पाहावें; अंकांचें वाचन पुन्हां तपासावें. तरीही मेळ न बसल्यास, तत्कालीन करणग्रंथावरून त्या पर्वाचा ग्रास काढावा. ५ मे २०२३ सारख्या प्रसंगीं जुन्या गणितांत दोन-चार कलांची चूक असल्यास कागदावर अल्प खंडग्रास उत्पन्न होऊं शकतो. षोडशांश म्हणजे सुमारें दोन कला. तेव्हां भास्कराचार्यांचा नियम पाळणारा ज्योतिषी त्याहून अल्प ग्रास आला तरी ग्रहण सांगणार नाहीं, पण तो नियम न पाळणारा सांगेलही. अशी उपपत्ति लागली तर लेख खरा मानण्यास प्रत्यवाय नाहीं. मात्र तेथें प्रमाण होतें तें तत्कालीन पंचांग, आकाशांतील उपच्छाया नव्हे. तीही न लागल्यास लेखाच्या खरेपणाविषयीं संशय घेणें प्राप्त आहे.

दान देणाऱ्या राजानें जें पाहिलें नाहीं, ज्योतिष्यानें जें गणिलें नाहीं व शास्त्रानें ज्यास पुण्यकाल दिला नाहीं, त्यावर त्याच्या लेखाचा काल उभारणें युक्त नव्हे. नव्या सूची अधिक पूर्ण आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण सूचींतील प्रत्येक नोंदीपुढें भूभेचा ग्रास किती, हा प्रश्न आधीं विचारावा आणि मगच ताम्रपटाकडे वळावें.