‘चंद्रकांता’ आणि नवखा प्रेक्षक

एखादा अद्भुतरम्य ग्रंथ पुस्तकांतून उचलून लाखों प्रेक्षकांसमोर मांडावयाचा म्हटलें म्हणजे रूपांतरकारापुढें एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ज्यानें ग्रंथ वाचला आहे त्याला तो ओळखूं आला पाहिजे, आणि ज्यानें त्याचें नांवही ऐकलेलें नाहीं त्याला तो समजला पाहिजे. हे दोन्ही हेतु एकाच वेळीं कितपत साधतात, हें पाहण्यास बाबू देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीचा इतिहास फार उपयोगी आहे.

खत्री (१८६१–१९१३) यांनीं चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका घेतला होता. त्या निमित्तानें तेथील जुने किल्ले, गुहा आणि भग्न वाडे यांतून ते खूप हिंडले, आणि १८८८ मध्यें लिहिलेल्या ‘चंद्रकांते’ची भूमि त्यांना तेथेंच सांपडली. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह व विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचें प्रेम, तें मोडूं पाहणारा क्रूरसिंह, त्याचा पाठीराखा चुनारचा राजा शिवदत्त, आणि या सर्वांभोंवतीं वेष पालटून वावरणारे ऐयार, असा हा पसारा आहे. ही कादंबरी मूळचीच नवख्यांकरितां लिहिलेली म्हणावी लागेल. तिची भाषा साधी, बोलण्यांतली. ती वाचतां यावी एवढ्यासाठीं कित्येकांनीं हिंदी शिकून घेतली, असें रामचंद्र शुक्ल यांनीं आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासांत नमूद केलें आहे. मात्र भाषा सोपी असली तरी आंतला माल हलका नाहीं. ऐयार म्हणजे मांत्रिक नव्हे. झोळींतील औषधें, सोंग वठविण्याची कला आणि प्रसंगावधान एवढीच त्याची विद्या. तिलिस्म म्हणजेही भुताटकी नव्हे; गुप्त दारें व कळसूत्रें यांनीं रक्षिलेली ती मनुष्याच्या हातची रचना आहे. अद्भुताचा उलगडा बुद्धीनें व्हावा, हा या ग्रंथाचा प्राण होय.

१९९४ मध्यें नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. जावळी तालुक्यांतील मेढा हें आमचें गांव, वेण्णेच्या खोऱ्यांत डोंगरांनीं वेढलेलें. रविवारीं सकाळीं आमच्या माजघरांत शेजारच्या चार घरचीं माणसें जमत. आमच्या आत्याबाईंस हिंदीचा गंध नव्हता. त्यांतून विजेचा लपंडाव. गेलेली वीज परत येई तों कथानक दोन किल्ले ओलांडून पुढें गेलेलें असे. मग ‘अरे, हा कोण? आपल्यांतला कीं त्यांच्यांतला?’ असें त्या विचारीत. पण क्रूरसिंहाविषयीं त्यांनीं कधीं विचारलें नाहीं. अखिलेंद्र मिश्र यांनीं उभा केलेला तो अवतार, त्या विचित्र भिवया आणि तो ‘यक्कू’ असा उद्गार, एवढ्यावरून नवखा मनुष्यही त्याला तत्काळ ओळखी. येथें मालिकाकर्त्यांचें कौशल्य मान्य केलें पाहिजे. पुस्तकांत लेखक जें वाचकाच्या कानांत सांगतो, तें पडद्यावर चेहऱ्यानें, वेषानें आणि लकबीनें सांगावें लागतें.

परंतु पात्रें ओळखीचीं करणें निराळें आणि ग्रंथाचा प्राण बदलणें निराळें. मालिकेंत जादू व चमत्कार यांस मोकळें रान मिळालें. नवख्यास कोडें समजावून देण्याचा त्रास वांचला खरा, पण त्याबरोबर कोडेंही गेलें. पुढें मूळ पुस्तक आमच्या हातीं आलें तेव्हां आम्ही थक्क झालों. ज्याला आम्ही इतकीं वर्षें मंत्रतंत्र समजत होतों, तो माणसाच्या हुशारीचा खेळ होता!

नवख्याची सोय करावयास एवढी किंमत द्यावी लागतेच काय? आमच्याकडील गोंधळ पाहावा. नायक आख्यान लावतो आणि त्याचा साथीदार त्याला मध्येंच थांबवून भोळेपणानें प्रश्न विचारतो. तमाशाच्या वगांत सोंगाड्याही पुष्कळदां हेंच करितो. श्रोत्यांच्या मनांतली शंका त्याच्या तोंडून बाहेर पडते, तिचें उत्तर कथेंतच मिळतें, आणि उशिरां येऊन दाराशीं बसलेला मनुष्यही थोडक्यांत रंगून जातो. त्यासाठीं आख्यानांतील एकही गांठ सैल करावी लागत नाहीं. आत्याबाई अक्षरशत्रु होत्या. पण घरच्या लग्नानंतरचा गोंधळ त्यांना कधीं दुर्बोध वाटला नाहीं.

रविवारच्या त्या सकाळीं साथीदाराचें काम आत्याबाई करीत होत्या आणि उत्तरें आम्ही पोरें देत होतों, हें आतां लक्षांत येतें. त्यांना समजेल असें सांगतां सांगतां ती कथा आम्हांलाच अधिक समजली. मालिका नसती तर खत्रींच्या पुस्तकापर्यंत आम्ही बहुधा पोंचलोंही नसतों, हें तिचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. असल्या ग्रंथांना हात घालणारांनीं आत्याबाईंचा प्रश्न टाळूं नये. त्याचें उत्तर मात्र मूळ ग्रंथांतूनच द्यावें, एवढीच आमची विनंति आहे.