रेषेच्या अलीकडील सेनानायक

युद्धकथांत लढाऊ वैमानिकाची थोरवी बहुधा आंकड्यांनीं मोजली जाते. जर्मनीच्या अडोल्फ गालांड याच्या नांवावर शत्रूचीं १०४ विमानें पाडल्याची नोंद आहे. परंतु त्याच गालांडकडे जर्मनीच्या समस्त लढाऊ विमानदळाची धुरा आली, तेव्हां हा आंकडा त्याच्या फारसा उपयोगी पडला नाहीं. वरिष्ठांशीं तीव्र मतभेद होऊन १९४५ च्या आरंभीं त्याला तें पद सोडावें लागलें. वैमानिकाचें शौर्य आणि सेनानायकाचा विवेक हे दोन निरनिराळे गुण होत. त्यांपैकीं दुसऱ्याची कसोटी पाहणारा प्रसंग एका महाराष्ट्रीय सेनानायकावर १९९९ सालीं आला.

अनिल यशवंत टिपणीस यांचा जन्म १९४० चा. १९६० सालीं ते लढाऊ वैमानिक म्हणून भारतीय वायुदलांत दाखल झाले आणि १९९८ च्या ३१ डिसेंबरला त्या दलाचे प्रमुख झाले. पुरते पांच महिनेहि लोटले नाहींत, तोंच कारगिलच्या पहाडांतील घुसखोरीचें संकट उभें राहिलें. भूसेनेला सशस्त्र हेलिकॉप्टरें तातडीनें हवीं होतीं. टिपणीस यांचें म्हणणें असें कीं, वायुदल रणांत उतरविणें म्हणजे युद्धाची व्याप्ति वाढविणें होय, तेव्हां तो निर्णय सरकारनेंच घ्यावा. शिवाय इतक्या उंचीवर हेलिकॉप्टर शत्रूला सहज टिपतां येईल. या आग्रहापायीं मोलाचे दिवस वायां गेले, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला व तो वाद अद्यापि मिटलेला नाहीं. आम्हांस मात्र टिपणीस यांचा पक्ष मूलतः रास्त वाटतो. लोकशाही राज्यांत युद्धाची मर्यादा ठरविण्याचा अधिकार लोकनियुक्त सरकारचाच असला पाहिजे.

सरकारची अनुज्ञा मिळाली ती एका अटीवर: नियंत्रणरेषा ओलांडावयाची नाहीं. २६ मे रोजीं हल्ले सुरू झाले. दुसऱ्याच दिवशीं फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांचें मिग-२७ इंजिन बंद पडून कोसळलें व ते शत्रूच्या हातीं सांपडले. त्यांचा शोध घेतांना स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा धारातीर्थीं पडले. २८ मे रोजीं एक मि-१७ हेलिकॉप्टर आंतील चौघांसह नष्ट झालें. मिग-२७ जातीचीं विमानें आमच्या नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यांत बांधलीं जात. त्यामुळें या वार्तांनीं येथील पुष्कळ घरें हळहळलीं असल्यास नवल नाहीं.

अशा वेळीं संतापाच्या भरांत रेषा ओलांडण्याचा मोह होतो, किंवा हानीच्या भयानें हात आंखडला जातो. वायुदलानें या दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. हेलिकॉप्टरें हल्ल्यांतून काढून घेतलीं. विमानें क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरून, अधिक उंचीवरून मारा करूं लागलीं. विरळ हवेंत बॉम्ब नेहमींच्या हिशेबाप्रमाणें पडत नाहीं, म्हणून तो हिशेब नव्यानें मांडला. आणि मिराज-२००० विमानांवर लेसर किरणांच्या रोखानें जाणारे बॉम्ब चढविले. १७ जूनला मुंथो ढालो येथील शत्रूच्या रसदतळाचा विध्वंस झाला. २४ जूनला टायगर हिलवर अचूक मारा झाला, तेव्हां ५८ वर्षांचे टिपणीस स्वतः एका मिराजमध्यें बसून तो पाहत होते.

शिखरें अखेर पायदळानेंच घेतलीं आणि त्यासाठीं जबर किंमत मोजली. या युद्धांत भारताचे ५२७ जवान कामास आले. विजय एकट्या वायुदलाचा, असें कोणीं म्हणूं नये. तथापि १९९८ सालीं अण्वस्त्रांच्या चाचण्या केलेल्या दोन राष्ट्रांतील हें युद्ध एका डोंगराळ पट्ट्याबाहेर पसरलें नाहीं, याचें बरेंचसें श्रेय पाळल्या गेलेल्या त्या अटीला आहे. सहकाऱ्यांचे प्राण गेले असतांहि ती अट दलाकडून पाळून घेणें आणि तिच्या आंत राहूनच यशाचा उपाय शोधणें, हें काम शत्रूचीं विमानें पाडण्याहून सोपें नव्हे. वैमानिकांचीं चरित्रें आवडीनें वाचणाऱ्या आमच्या तरुणांनीं पाडलेल्या विमानांच्या संख्येबरोबर हेंहि विचारांत घ्यावें.