काडतूस कोणतं, आणि किती पावलांवरून?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पांढरकवडा, राळेगाव, झरी या बाजूला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना ठाऊक असेल की, इथल्या जंगलात नजर दूरवर पोचेल अशा जागा थोड्याच. वर साग, खाली घाणेरीचं रान आणि पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत. तीस पावलांवर जनावर उभं असलं तरी दिसेलच असं नाही. अशा रानात शे-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकारीला उतरणारे साहेबलोक काडतूस कसं निवडत असतील? प्रश्न हौशी माणसांचा वाटतो खरा. पण त्याच्या उत्तरावर ज्यांचा जीव अवलंबून होता, त्यांच्या हातात बहुधा बंदूकच नसे.

या विषयावर मध्य प्रांतातल्या एका अधिकाऱ्याने पुस्तकच लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव कॅप्टन जेम्स फोर्सिथ. निमाडात त्याने जमाबंदीचं काम केलं, सातपुडा पायाखाली घातला, पचमढीला ‘बायसन लॉज’ बांधलं. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचं गाजलेलं पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी निघालं. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरचं पुस्तक त्याच्या आधीचं. आपला जिल्हा तेव्हा वऱ्हाडातला वणी जिल्हा होता. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं.

फोर्सिथचा आग्रह असा की, मोठ्या नळीची रायफल घ्यावी, शिशाची गोल गोळी वापरावी आणि दारू भरपूर ठासावी. कारण साधं आहे. नळीतून सुटलेली गोळी त्याच क्षणापासून खाली पडू लागते. हातातून सुटलेला दगड पाव सेकंदात फूटभर खाली येतो आणि अर्ध्या सेकंदात चार फूट. गोळीलाही हाच नियम. म्हणजे गोळी जितकी वेगवान, तितका तिला पडायला वेळ कमी. वेग कमी असेल तर शिकाऱ्याला अंतराचा अचूक अंदाज हवा. नाहीतर खांद्यावर धरलेला नेम पोटात किंवा पायात बसतो.

म्हणून पुढे वेगाचा ध्यास लागला. ‘एक्स्प्रेस’ नावाच्या रायफली आल्या. हे नाव आगगाडीवरूनच घेतलेलं. गोळी हलकी, टोकाशी पोकळ, आणि मागे दारू जबरदस्त. मोकळ्या शिवारात, हरभऱ्याच्या रानाकडेला उभ्या असलेल्या काळविटाला ती उत्तम. पण तीच गोळी वाघाच्या किंवा गव्याच्या खांद्याच्या हाडावर बसली, की वरच्यावर फुटून जाई. जखम मोठी दिसे; आत मात्र खोलवर काही पोचत नसे. १८९०च्या दशकात धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली. जॉन रिग्बीने १८९८ मध्ये .४५० बोअरचं कॉर्डाइट काडतूस काढलं. जड गोळी आणि वेग या दोन्ही गोष्टी एकदम मिळाल्या.

तरी जंगलातला जुना नियम बदलला नाही. मोठं जनावर दुरून मारू नये, जवळ जावं किंवा त्याला जवळ येऊ द्यावं. मचाण, बांधलेलं रेडकू, हाका ही सगळी व्यवस्था त्यासाठीच. ही शिकाऱ्याची बहादुरी मुळीच नव्हती. तो वर मचाणावर बसलेला असे. खाली डबे-ढोल वाजवत गवतातून चालणारे हाकेकरी आसपासच्या गावांतले, आण्यांच्या मजुरीवर आलेले. गोळी चुकली, पण पुरती चुकली नाही, तर जखमी वाघाची गाठ त्यांच्याशी. ते त्या दिवशी वाचले, तर महिन्याभराने एखाद्या गुराख्याशी.

याचा दाखला कुमाऊँचा आहे, पण विसरता येत नाही असा. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगतात. तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, जुन्या बंदुकीच्या गोळीने. कोणीतरी, कधीतरी, नेम धरला होता आणि घरी निघून गेला होता.

आता दुसरी गंमत पाहा. काडतूस निवडणं शिकाऱ्याच्याही पूर्ण हातात नव्हतं. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची गोळीही .४५० बोअरच्या आसपासचीच. या बंदुका बंडखोरांच्या हाती पडल्या आणि शिकारीच्या काडतुसांतल्या गोळ्या काढून त्यांना पुरवल्या गेल्या तर? या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थान आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. विलायतेतल्या कारखानदारांनी काय करावं? .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसं बाजारात आणली. वाघाला यातला फरक कळला नसेल. कायद्याला मात्र कळत होता. .३०३ ही तर थेट लष्कराची गोळी, म्हणून ती खाजगी माणसाला बंद. तिच्या जागी ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसाचा अवतार आला: .३१५. आजही आपल्याकडे ज्याला ‘थ्री फिफ्टीन’ म्हणतात तीच ही, पुढे सरकारी आयुध कारखान्यांत बनू लागलेली. २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅमची जड, सावकाश गोळी. दूरच्या नेमासाठी कोणी मुद्दाम निवडावी अशी ती नव्हे. सरकारने ठेवली म्हणून राहिली.

शस्त्रांचा कायदा १८७८चा. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना बराच काळ सूट होती. जंगलाचंही तसंच. राखीव जंगलात साहेबाला शिकारीचा परवाना मिळे. गावकऱ्याने विळा चालवला तर गुन्हा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला आणि अटक करून घेतली, ते याच कायद्याविरुद्ध. शिकारीच्या इतिहासात हा प्रसंग सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते तो तिथेच सांगायला हवा.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काडतुसांची ही चर्चा संपल्यासारखी झाली. पण यवतमाळात ती एकदा परतली. पांढरकवडा-राळेगाव भागात दोन वर्षांत तेरा माणसं गेली. ते बळी टी-वन, म्हणजेच अवनी, या वाघिणीच्या नावावर लावले गेले. तिला आधी बेशुद्ध करून पकडावं, ते जमलं नाही तर गोळी घालावी, असा वनखात्याचा आदेश होता. त्याच्याविरुद्धची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने आदेशात हात घातला नाही. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या शिवारात जीपमधून झाडलेल्या गोळीने ती मेली.

नंतर वाद माजला तो काडतुसाचा नव्हता. भुलीचा डार्ट खरोखर बंदुकीतून मारला होता का, पशुवैद्य जागेवर का नव्हता, रात्री गोळी का चालवली, असे प्रश्न होते, आणि ते रास्त होते. पण यात अंतराचा जुना हिशेब पुन्हा आलाच. डार्ट म्हणजे उडती सुई. ती गोळीच्या मानाने फार हळू जाते आणि वाऱ्याने हलते, म्हणून वाघाच्या काही पावलं जवळ गेल्याशिवाय तिचा उपयोग नाही. भूल चढायलाही काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात जनावर कुठेही जाऊ शकतं.

अवनीसाठी शहरांतून मोर्चे निघाले. बोराटीच्या बाजूला लोकांनी फटाके फोडले. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचे दिवस. पऱ्हाटीच्या ओळीत वाकून वेचणाऱ्या बाईला पलीकडच्या धुऱ्यावरचंही दिसत नाही.