वडगाव आणि असई

लढाईचा निकाल रणांगणावर लागतो, ही समजूत अगदीच खोटी नव्हे. परंतु मराठी राज्याच्या उत्तरकाळाकडे पाहता, तत्पूर्वी घरात काय घडले होते हे जाणल्यावाचून त्या निकालाचा उलगडा होत नाही, असे आम्हांस वाटते.

१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि घर दुभंगले. राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले. पुण्यात बारभाईंनी बाल सवाई माधवरावांच्या नावे कारभार चालविला. बारभाईंत तरी एकोपा होता, असे कोणी समजू नये. १७७८ साली मोरोबा फडणिसांनी दादांचा पक्ष उचलला व तुकोजी होळकर त्यांच्याकडे झुकले. महादजी शिंद्यांचे बळ पाठीशी आल्यावरच नाना फडणिसांस मोरोबांना कैद करता आले, होळकरांसही वळविता आले. मुंबईकरांनी स्वारी काढली ती पुण्यातील दुफळीच्या भरवशावर; फौज निघाली तोवर ती भेग सांधली गेली होती.

सुमारे चार हजारांची ही फौज हजारो बैलांच्या लटांबरासह बोरघाट चढून आली. तिच्यावर हुकमत एका सेनापतीची नव्हे, तर समितीची होती! महादजी, तुकोजी व हरिपंत फडके यांनी समोरासमोरची झुंज टाळून रसद तोडली. कार्ल्यानजीक कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटले. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावास पोहोचले, तो गाव जळालेला, दाणावैरण नाही. प्रसंगी चिंचवड व पुणेही जाळण्याची सिद्धता होती. दादांना मिळावयाचे सरदार तर कोठेच दिसेनात. आपलाच गाव जाळण्याचा हुकूम लिहिणे सोपे. तो पाळला जावयास हुकूम देणाऱ्यावर विश्वास असावा लागतो. गनिमी काव्याची थोरवी गाताना त्या जळालेल्या घरांच्या धन्यांचा मात्र आपणांस विसर पडतो.

११ तारखेच्या रात्री तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले, वडगावी वेढले गेले, आणि १७७३ पासून घेतलेला मुलूख व राघोबादादा परत देण्याचे त्यांनी कबूल केले. कलकत्त्याच्या हेस्टिंग्जने हा तह मानला नाही आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबले. तथापि दादांना पेशवाई मिळाली नाही ती नाहीच.

पुढे महादजी १७९४ साली व नाना १८०० साली निवर्तले. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावांनी विठोजी होळकरांस हत्तीच्या पायी दिले. त्यांचे बंधू यशवंतराव यांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईस पळाले आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांनी इंग्रजांशी तह केला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईस शिंद्यांच्या कवायती पायदळाने व तोफांनी वेलस्लीची सुमारे दीड हजार माणसे मारली वा जखमी केली. सैन्य वडगावच्या वेळेपेक्षा किती तरी सुसज्ज होते! परंतु पदरचे इंग्रज अंमलदार चाकरी सोडून गेलेले, पेशवे शत्रूच्या छावणीत आणि होळकर तटस्थ. यशवंतरावांनी १८०४ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावच्या तहावर सही करून काही महिने लोटले होते.