उकंडराव नावाची कुळकथा

अकोला-अमरावतीकडच्या एखाद्या गावाची जुनी मतदार यादी काढून बसा. साठी-सत्तरीपुढच्या नावांत कुठं उकंडराव भेटतो, कुठं उकर्डा. मागेपुढे कचरू, धोंडबा, कचराबाई. उकंडा म्हणजे उकिरडा. पोटच्या लेकराला असं नाव ठेवणारी आई निर्दय नव्हती. त्या लेकराला तिच्याइतकं जपणारं दुसरं कोणी नसे.

रीत अशी होती. आधीची दोन-तीन बाळं गेलेली असली, की पुढचं मूल जन्मल्यावर त्याला सुपात घालायचं आणि नेऊन उकिरड्यावर ठेवायचं, टाकून दिल्यासारखं. मग शेजारची बाई सहज तिकडून आल्यागत सूप उचलायची आणि 'कोनाचं लेकरू हाय वं बाई हे?' असं विचारत दारात यायची. आईनं पसाभर धान्य नाहीतर एखादा पैसा देऊन ते विकत घ्यायचं. हा व्यवहार मोठ्या आवाजात व्हायचा, कारण तो सटवाईला आणि नजर लावणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा होता. हे लेकरू आमचं नाही, मोलाचं नाही, याच्याकडे बघू नका. काही घरांत मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालत आणि मुलगी म्हणून वाढवत; तो नथ्थू. देवाच्या दारी भीक मागून मिळवलेला, तो भिकाजी.

ही युक्ती एकट्या वऱ्हाडाची नाही. पूर्व उत्तर प्रदेशात घुरहू आणि कतवारू आहेत, दोघंही कचऱ्यातलेच. चीनच्या खेड्यांत कुत्र्यानं खाऊन उरवलेला, मंगोलियात बिननावाचा, अशी मुलांची नावं असत. रिचर्ड टेंपल यांनी 1883 मध्ये पंजाबी माणसांच्या नावांवर पुस्तक लिहिलं, त्यातही अशा हिणकस नावांची दखल आहे. ऐतरेय ब्राह्मणातल्या अजीगर्ताच्या तिन्ही मुलांची नावं कुत्र्याच्या शेपटावरून आहेत: शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलांगूल. मला तरी त्यांत कुठल्यातरी आईबापांची हीच धास्ती दिसते.

धास्तीला कारण होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी दोनशेच्या वर बाळं वर्षाच्या आत जात. देवी, पटकी, हगवण. 1899-1900 चा, म्हणजे संवताच्या छप्पन्न सालचा दुष्काळ वऱ्हाडानं सोसला, आणि 1918 च्या इन्फ्लुएन्झानं मध्य प्रांत-वऱ्हाडात घरंच्या घरं रिकामी केली. ज्या बाईनं तीनदा बाळसं धरलेलं मूल मातीत घातलं, तिला दुःखाचं भय उरलेलं नव्हतं. तिला भय वाटायचं ते आनंदाचं. मूल सुदृढ दिसलं, कोणी 'किती गोड' म्हटलं, की तिच्या काळजात धस्स व्हायचं. मग गालावर तीट, दारात बिबा, मीठ-मोहरी आणि सगळ्यांत टिकाऊ तोडगा म्हणजे नाव.

यशाचं भय म्हणून मानसशास्त्रात जे ओळखलं जातं ते पुष्कळ नंतरचं. फ्रॉइड यांनी 1916 मध्ये, मनातली इच्छा पुरी होताच कोसळणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं. 1968 मध्ये मिशिगन विद्यापीठात मटिना हॉर्नर यांनी 90 विद्यार्थिनींना एक वाक्य देऊन गोष्ट पुरी करायला सांगितलं. वाक्य असं, की पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर ॲन वैद्यकीय महाविद्यालयात वर्गात पहिली आली. पासष्ट टक्क्यांहून जास्त मुलींनी पुढं ॲनचं वाईटच लिहिलं. ती एकटी पडली, तिचं लग्न जमेना, तिनं शिक्षण सोडलं. 88 मुलग्यांना तेच वाक्य जॉनचं नाव घालून दिलं, तेव्हा दहातल्या एकानंही जॉनचं वाईट लिहिलं नाही. यावरून पुष्कळांनी अनुमान काढलं, की बायकांच्या मनातच यशाचं भय असतं. मग 1974 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ॲनची गोष्ट शाळकरी मुलग्यांनाही लिहायला दिली. त्यांनी तर ॲनचे मुलींपेक्षाही जास्त हाल केले. म्हणजे मुलींच्या मनाचा दोष नव्हता; पुढं गेलेल्या बाईकडे जग कसं बघतं, ते त्यांनी बिनचूक लिहिलं होतं. वऱ्हाडातल्या बायकांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. नजर दुसऱ्याची असते, हे त्यांना ठाऊकच होतं.

उकंडराव हे नाव भाषणांनी गेलं नाही. शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावोगावचा उकिरडा खराट्यानं झाडत आणि रात्री कीर्तनात नवस-सायासांवर कोरडे ओढत, तरी त्या काळातही हे नाव ठेवलं जातच होतं. नाव हटलं ते देवीची लस आली, गावात नर्सबाई आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली तेव्हा. 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. 2020 मध्ये महाराष्ट्रात हजारी 16 बाळं वर्षाच्या आत गेली; तीही मला जास्तच वाटतात. मेळघाटात तर आईच्या पोटातला गोळा अजून खरा आहे. मेळघाटातल्याच बैरागडला राहून तिथल्या मुलांवर उपचार करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. मूल जगेल याची खात्री पटत गेली, तसं त्याला चांगलं नाव ठेवायचं धाडस आयांना होत गेलं.

भीतीची सवय मात्र मागं राहिली आहे. कापूस घरात मावत नसला तरी विचारणाऱ्याला 'जेमतेम हाय' म्हणायचं, हे मला गैर वाटत नाही. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पोरानं कोणाला सांगू नये, तेही ठीक. उकंडरावाच्या आईनं लेकराला नाव उकिरड्याचं दिलं, पण दूध कमी पाजलं नाही. तिनं सुख झाकलं, सोडलं नाही. आता कित्येक हुशार मुलं-मुली ते सोडूनच देतात. फॉर्म भरत नाहीत, मुलाखतीला जात नाहीत, आणि 'माझ्याच्यानं व्हायचं नाही' म्हणतात; खरी धास्ती मात्र झालं तर काय होईल याची असते.

मुख्याध्यापिकेची बढती नाकारणाऱ्या बाईला कारण विचारा. आधी ती तब्येत सांगेल. जरा बसलात तर सासरचे टोमणे निघतील, स्टाफरूममधली कुजबुज निघेल, लांबच्या गावची शाळा निघेल. यातलं एकही तिच्या कल्पनेतलं नसतं. अशा बाईला धीर धर म्हणून भागत नाही. जी बढती घेते, तिला बहुतेक वेळा घरातलं कोणीतरी आधीच म्हणालेलं असतं, 'घे तू, पोरायचं मी पायतो.'